पावणेदोन कोटीचा शुक्रवार

शुक्रवारी रात्री दहाच्या पुढं आमच्या ग्रुपवर आकडे पडायला लागतात. ग्रुपमध्ये एक मोबाईलचं दुकानवाला, दोन मास्तर, एक शिरोलीला फौंड्रीत सुपरवायझर आणि मी, म्हणजे दिवसभर लोकांचे जीएसटीचे रिटर्न भरणारा माणूस. कुठल्या पिक्चरनं पहिल्या दिवशी किती केले, सकाळच्या शोला खुर्च्या किती भरल्या, रात्रीच्याला किती, सगळं येतं. आणि ज्यांनी तो पिक्चर बघितलेला नाही, बघायचा विचारसुद्धा नाही, तेच लोक अकरापर्यंत निकाल लावून झोपायला मोकळे. धुतला, झोपला, बसला, विषय संपला. मला पिक्चरपेक्षा ह्या आकड्यांचाच नाद जास्त आहे हे घरात सगळ्यांना माहितीय, बायको म्हणते तुम्हाला पिक्चरचं नुसतं बॅलन्सशीट दाखवलं तरी चालतंय, तिकीट कशाला काढताय.

तर २५ जुलै २०२५ चा शुक्रवार. 'महावतार नरसिंह' नावाचा अ‍ॅनिमेशनवाला पिक्चर लागला. ओळखीचा हिरो नाही कारण हिरोच नाही, सगळं कॉम्प्युटरवर केलेलं. दिग्दर्शक अश्विन कुमार, हे नाव आमच्यातल्या कुणी ऐकलेलं नव्हतं. मागं 'केजीएफ' आणि 'कांतारा'वाले होंबाळे फिल्म्स उभे आहेत एवढंच काय ते वजन. आदल्या शुक्रवारी 'सैयारा' आलेला, कॉलेजची पोरं थिएटरात रडतायत, टी-शर्ट काढतायत, असले व्हिडिओ फिरत होते आणि सगळं लक्ष तिकडं. नरसिंहाचा पहिल्या दिवसाचा आकडा आला, १.७५ कोटीच्या आसपास. सगळ्या भाषा मिळून, अख्ख्या देशात. मोबाईलवाल्यानं लिहिलं, "कार्टून हाय भावा, पोरं घरात बसून मोबाईलवर बघत्यात, ह्याला कोण जातंय?" त्यावर दोन-तीन अंगठे आले आणि गाडी परत 'सैयारा'च्या दुसऱ्या आठवड्यावर गेली.

शनिवारी हा पिक्चर ४.५ कोटीच्या पुढं, रविवारी ९.५ च्या आसपास. बरं, रविवार आहे, पोरांना सुट्टी, वाढणारच. पण सोमवारी आपटायच्या ऐवजी टिकला, आणि पहिला आठवडा ४५ कोटीच्या जवळ जाऊन थांबला. खरी मजा पुढं आहे. दुसरा आठवडा ७० कोटीच्या वर. दुसरा आठवडा पहिल्यापेक्षा मोठा, हे आत्ताच्या काळात होत नाही हो, आत्ता दुसऱ्या आठवड्यात अर्ध्यावर आला तरी 'मस्त होल्ड केला' म्हणतात. शेवटी भारतातलं नेट, म्हणजे टॅक्स काढून राहिलेलं, २५० कोटीच्या घरात आणि जगभरचा ग्रॉस, म्हणजे टॅक्स धरून, ३०० च्या वर गेला. भारतात तयार झालेल्या अ‍ॅनिमेशन पिक्चरमध्ये एवढा गल्ला कुणीच केलेला नव्हता, आणि यातला बहुतेक पैसा हिंदी व्हर्जनचा.

पहिल्या तीन दिवसांची बेरीज साधारण १६ कोटी आणि शेवट २५० ला, म्हणजे पंधरा-सोळा पट. स्टारवाले मोठे पिक्चर पहिल्या तीन दिवसाच्या तिप्पट गेले तरी पार्टी देतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की फॅमिली पिक्चरचा शुक्रवार बघायचाच नसतो. बघितला तर बघा, पण त्यावरनं बोलायचं नाही. कोल्हापुरात राहणाऱ्याला हे समजायला खरंतर अवघड जाऊ नये. जुलै-ऑगस्टला आपण सगळे दर तासाला राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत बसतो, इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट, शाळेतल्या पोराला पण पाठ. पण ज्याला कळतं तो गावातला पाऊस बघत नाही, तो राधानगरीचे किती दरवाजे उघडले ते विचारतो. इथं लख्ख ऊन पडलेलं असतं आणि पंचगंगा चढत असती. फॅमिलीचं पब्लिक असंच वरनं, उशिरानं येतं, आणि शुक्रवारी रात्री गावातला पाऊस मोजून पूर येणार नाही असं सांगणारे आमच्या ग्रुपवर पाच आहेत, देशात किती असतील.

पहिल्या दिवशी पिक्चरला जातो कोण? ज्याचा वेळ त्याच्या एकट्याच्या मालकीचा आहे तो. कॉलेजचं पोरगं लेक्चर बुडवतं, मित्राची गाडी घेतं, गेलं. आता चौथीतलं पोरगं बघा. शुक्रवारी शाळा, संध्याकाळी क्लास, खिशात पैसे नाहीत, गाडी नाही, बुकिंगच्या अ‍ॅपचा पासवर्ड नाही. त्याच्याकडं फक्त हट्ट आहे आणि हट्ट घरात मुरायला आठवडा लागतो. पहिल्यांदा शाळेच्या व्हॅनमध्ये कुणीतरी सांगणार की खांब फुटतो आणि आतनं सिंह येतो, मग हा घरात येऊन खांब फोडून दाखवणार, मग त्याची आई पालकांच्या ग्रुपवर विचारणार की फार मारामारी आहे का, लहान पोरं घाबरतात का, मग कुणीतरी सांगणार की आमची तर घाबरली नाही, उलट टाळ्या वाजवत होती, मग रविवारचं ठरणार, मग कुणालातरी ताप येणार, मग पुढचा रविवार. हे सगळं होईपर्यंत ट्रेडवाल्यांच्या, म्हणजे पिक्चरच्या धंद्याचे आकडे मांडणाऱ्यांच्या, हिशोबानं पिक्चरचं आयुष्य संपलेलं असतं.

आणि एकदा ठरलं की मग एक तिकीट जात नाही, अख्खं घर जातं. आमच्याकडं पोरासाठी म्हणून ठरलेलं, मग धाकटी म्हणाली मी पण, मग बायको म्हणाली, "मी पण येतो की, घरात बसून काय करू?" आणि मग आतनं आईचा आवाज आला, "आरं श्रावण लागलाय, नरसिंहाचं हाय म्हणत्यात, बघूया की." माझ्या आईनं थिएटरात जाऊन पिक्चर बघायचं कधीच सोडून दिलेलं, त्यामुळं बायको आणि मी एकमेकांकडं बघतच राहिलो. आईच्या माहेरचं कुलदैवत कोळे नरसिंहपूरचं, वाळवा तालुक्यातलं. (वाडीला जाऊन नरसोबा नरसोबा करतो आपण, पण ते नृसिंह सरस्वती, दत्तसंप्रदायातले, वेगळे. आई हे दर वेळी सांगते, म्हणून मी पण सांगून घेतो.)

श्रावणाची गोष्ट मात्र मला कुठल्याच ट्रेडवाल्याच्या लेखात दिसली नाही. २५ जुलै हा आपल्याकडं श्रावणाचा पहिला दिवस होता, आणि तोही शुक्रवार. श्रावणातला शुक्रवार म्हणजे जिवतीचा, लेकराबाळांच्या आयुष्यासाठी घरातली बाई पूजा करते. जिवतीचा तो छापील कागद आठवतोय का, देवघरापाशी भिंतीला चिकटवतात तो? त्यात पाळण्यातलं पोर घेतलेल्या जिवत्या असतात, कालिया नागावरचा कृष्ण असतो, बुध-बृहस्पती असतात, आणि सगळ्यात आधी खांबातनं बाहेर आलेला नरसिंह, शेजारी हात जोडून प्रल्हाद. श्रावणातले शनिवार तर नरसिंहाचेच. म्हणजे ह्या पिक्चरचं पोस्टर महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत त्या दिवशी सकाळीच भिंतीला लागलेलं होतं, फुकट, हळदीकुंकू लावून. निर्मात्यांनी हे मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही, उत्तरेत श्रावण पंधरा दिवस आधीच सुरू होतो आणि त्यांचं मार्केट तिकडचं जास्त. पण लागू पडलं. पुढं २९ ला नागपंचमी, ९ ऑगस्टला राखी, शनिवारी, जोडून रविवार, मग १५ ऑगस्ट शुक्रवारी आणि दहीहंडी शनिवारी. सुट्ट्यांची अशी रांग एखाद्या स्टारच्या पिक्चरनं वर्षभर आधी बुक केली असती. केलेली पण, 'वॉर २' आणि 'कुली' दोन्ही १४ ऑगस्टला आलेच. तरी नरसिंह त्यांच्या खालनं चालत राहिला.

आणि अजून एक कोल्हापुरी कारण सांगतो, हसू नका. श्रावणात आमच्या गावाचा रविवार मोकळा पडतो. एरवी रविवार म्हणजे सकाळी मटणाच्या लाइनीत उभं राहायचं, दुपारी तांबडा-पांढरा, मग झोप, संपला रविवार, कुठला पिक्चर आणि काय. गटारी आधीच होऊन गेलेली. बाहेर धो धो पाऊस, रंकाळ्यावर फिरायला जाता येत नाही, खासबागेत भेळ खायला उभं राहता येत नाही. चार भिंती आणि छप्पर असलेली, पोरांना दोन-अडीच तास एका जागी बसवणारी गोष्ट गावात एकच.

ती पण सहजासहजी मिळत नाही. आमच्या घराजवळच्या थिएटरला पहिल्या आठवड्यात ह्या पिक्चरचे शो होते दुपारी पावणेतीनचा आणि रात्री साडेदहाचा. आता रात्री साडेदहाला चौथीतलं पोरगं, पहिलीतली पोरगी आणि सत्तरीची म्हातारी घेऊन कोण येणार? दुपारी पावणेतीनला शाळा. म्हणजे पोरांचा पिक्चर पोरं येऊ शकत नाहीत अशा वेळी लावायचा आणि मग खुर्च्या रिकाम्या आहेत म्हणून शो कमी करायचे. मी काउंटरवर विचारलं तर पोरगा म्हणाला, "सर, वरनं येतंय शेड्यूल." वरनं म्हणजे कुठनं ते त्यालाही माहीत नसावं. दुसऱ्या आठवड्यात मात्र सकाळी साडेदहा, दुपारी, संध्याकाळी सहा, सगळीकडं नरसिंह. तेव्हा कुणी चूक झाली म्हटलं नाही.

आता माझा धंद्याचा विषय, थोडा हिशोब सहन करा. २०० रुपयांचं तिकीट धरूया. १०० च्या वरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी, १०० पर्यंतच्याला तेव्हा १२ होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ झाला. २०० हा ग्रॉस. त्यातनं टॅक्स गेला की १६९ रुपये ५० पैशांच्या जवळपास राहतात, तो नेट. ग्रुपवर लोक एका पिक्चरचा ग्रॉस आणि दुसऱ्याचा नेट घेऊन भांडतात तेव्हा मला ऑफिसमधल्यासारखा घाम फुटतो. त्या १६९ मधनं थिएटरचा वाटा आणि डिस्ट्रिब्युटरचा, म्हणजे बनवणाऱ्याच्या बाजूचा, वाटा. २००९ ला निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाल्यांचं जोरदार वाजलेलं, दोनेक महिने नवीन मोठे हिंदी पिक्चर लागलेच नव्हते, उन्हाळ्याच्या सुट्टीत. मग तोडगा निघाला तो असा, की पहिल्या आठवड्याला डिस्ट्रिब्युटरला ५० टक्के, दुसऱ्याला ४२.५, तिसऱ्याला ३७.५ आणि त्यापुढं ३०. प्रत्येक पिक्चरला वेगळी बोलणी होतात हे खरं, पण सांगाडा हाच.

ह्याचा अर्थ लक्षात घ्या. १०० रुपये नेट पहिल्या आठवड्यात आले तर बनवणाऱ्याकडं ५० जातात. तेच १०० रुपये चौथ्या आठवड्यात आले तर ३०. म्हणजे जो पिक्चर आजीला, मावशीला, व्हॅनमधल्या पोरांना विचारत विचारत हळूहळू चढतो त्याला ही सिस्टीमच दंड लावते, आणि जो स्टार घेऊन पहिल्या तीन दिवसात पैसे ओढून घेऊन पळून जातो त्याला बक्षीस. उलट थिएटरवाल्याच्या बाजूनं बघितलं तर त्याला असे रेंगाळणारे पिक्चर सोन्यासारखे वाटायला पाहिजेत, चौथ्या आठवड्यात ७० टक्के त्याचे, वर फॅमिली म्हणजे पॉपकॉर्नचा मोठा टब, नाचो, दोन कोल्ड्रिंक, आणि धाकटीला मध्येच लागलेली भूक. कॉलेजच्या पोरांसारखं आत यायच्या आधी बाहेर वडापाव खाऊन येत नाही फॅमिली. तरी सगळ्यात आधी कात्री लागते ती ह्याच पिक्चरांच्या शोला. हे मला अजून नीट उमगलेलं नाही, माझा अंदाज असा की नुकसानीपेक्षा शेजारच्या स्क्रीनवर गर्दी दिसण्याची भीती जास्त मोठी असावी.

अजून एक. कोटीच्या मागं माणसं किती, हे कुणी विचारत नाही. रात्रीच्या शोला मोठ्या शहरात ४०० रुपयांनी १ कोटी जमले तर आत बसली २५ हजार माणसं. सकाळच्या शोला १५० रुपयांनी १ कोटी जमले तर साडेसहासष्ट हजाराच्या वर. पोरांचे पिक्चर चालतात सकाळी आणि दुपारी, स्वस्तातल्या तिकिटावर, मंगळवारच्या ऑफरवर. म्हणजे दोन पिक्चरांचा आकडा सारखा दिसला तरी एकाला अडीचपट गाव बघून गेलेलं असू शकतं. आमच्या मास्तरनं हे ऐकून लिहिलं, "मग माणसंच मोजा की सरळ." बरोबर आहे, अमेरिकेत पण डॉलरच मोजतात आणि आपण त्यांचंच उचललं.

आपल्याकडं पूर्वी आठवडे मोजायचे. आमच्या गल्लीत एक काका आहेत, गावातल्या एका जुन्या टॉकीजला बुकिंगवर आयुष्य गेलं, ती टॉकीज आता नाही. त्यांना मी अडीचशे कोटी सांगितले तर चेहऱ्यावर काही हललं नाही, म्हणाले, "आठवडा कितवा?" पंचवीस आठवडे म्हणजे रौप्यमहोत्सव, थिएटरला तोरण, ऑपरेटरपासून डोअरकीपरपर्यंत पेढे. पिक्चर किती दिवसात किती पैसे करतो हा प्रश्नच नव्हता, किती दिवस गावात राहतो हा होता. आणि हे आपल्या गावाला तर जास्तच माहीत पाहिजे. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथली, १९२९ ला प्रभात सुरू झाली ती इथं, १९३३ ला पुण्याला गेली. पुण्याला गेल्यावर प्रभातनं 'जंबुकाका' नावाची एक कार्टून फिल्मपण केलेली, १९३४ ला, हे आमच्या ग्रुपवर कुणाला पटलं नाही. प्रभातचाच 'संत तुकाराम' १९३६ ला मुंबईत एकाच थिएटरात वर्षभराच्या वर चालला. पुढं १९७५ ला 'जय संतोषी मां', लोक चपला बाहेर काढून आत जायचे आणि पडद्यावर चिल्लर उधळायचे. १९९१ ला 'माहेरची साडी', घराघरातल्या बायका थव्यानं गेल्या. ह्यातलं कुठलंच पब्लिक पहिल्या दिवशी पहिल्या शोचं नाही. ते घर आवरून, दुसऱ्या बाईला विचारून, सोबत बघून निघणारं पब्लिक आहे. काका म्हणाले असला पिक्चर लागला की पहिला आठवडा ते शांत बसायचे, दुसऱ्या आठवड्यात बायका किती आल्या ते बघायचे आणि मग मालकाला सांगायचे हा राहणार. मॅटिनीला बायका, हा त्यांचा ट्रेड रिपोर्ट.

बरं मग इतकं सोपं आहे तर आपल्याकडं अ‍ॅनिमेशन आधी का नाही चाललं? चाललं की, एकदा. २००५ ला 'हनुमान', व्ही. जी. सामंतांचा, हातानं काढलेल्या चित्रांसारखा, साधा. पोरं वेडी झालेली. मग त्याच्या मागं रांग लागली, ज्याला त्याला देव आठवला, आणि बहुतेक सगळे कसेतरी उरकलेले. २००८ ला यशराज आणि डिस्नेनं मिळून 'रोडसाइड रोमियो' आणला, सैफ-करीनाचे आवाज, खर्च भरपूर, पण अपेक्षेएवढा नाही चालला. त्याच वर्षी पोगोवर 'छोटा भीम' सुरू झाला, आणि माझ्या मते तिथं खरी गोची झाली. रोज संध्याकाळी जे घरात फुकट आहे त्याला थिएटरात जाऊन पैसे कोण देणार? कार्टून म्हणजे टीव्ही, असं आईबापाच्या डोक्यात बसलं ते पंधरा-सतरा वर्षं निघालं नाही. आमच्या मोबाईलवाल्याचं 'कार्टून हाय भावा' हे तिथनं आलेलं आहे.

डिस्नेनं स्वतःच्या पायावर असाच धोंडा मारून घेतला. कोरोनात त्यांच्याच पिक्सार स्टुडिओचे 'सोल', 'लुका', 'टर्निंग रेड' अमेरिकेत थेट ओटीटीवर सोडले. आईबापांना कळलं की पिक्सार घरात येतं, थांबा. मग २०२३ ला 'एलिमेंटल' थिएटरात आणला तर तिकडच्या पहिल्या शनिवार-रविवारपर्यंत ३ कोटी डॉलरला पण थोडा कमी पडला, बजेट २० कोटी डॉलरचं. सगळ्यांनी मयताची तयारी केली. तो हळूहळू रांगत अमेरिकेत १५ कोटीच्या पुढं आणि जगभर ५० कोटी डॉलरच्या जवळ गेला. त्याच्या आधीच्या डिसेंबरात 'पुस इन बूट्स'चा दुसरा भाग, पहिला वीकेंड सव्वा कोटी डॉलर, शेवट अमेरिकेतच साडेअठरा कोटीच्या वर. तीच पंधरापट, बघा. आणि पार टोकाचं म्हणजे चीनचा 'ने झा २', २०२५ च्या त्यांच्या नववर्षाला आलेला, २०० कोटी डॉलरच्या वर गेलेला जगातला पहिला अ‍ॅनिमेशन पिक्चर, आणि जवळजवळ सगळा पैसा घरचा, चीनमधला. तो पण देवादिकांचा, त्यांच्या पुराणातला पोरगा. सणाला अख्खं घर एकत्र, आज्जी-आजोबांना गोष्ट आधीच पाठ, पोराला चित्र आवडलेलं. वाळव्याच्या माणसाला आणि चीनच्या माणसाला ह्यात फरक वाटू नये.

पण म्हणून शुक्रवारी पडलेला प्रत्येक पिक्चर रविवारी उठतो असं नाही. २०२५ च्याच जूनमध्ये पिक्सारचा 'एलिओ' आला, त्यांच्या इतिहासातली सगळ्यात कमी ओपनिंग, आणि तो नाही उठला. हिंदीत असे किती गेले त्याची तर दखल पण कुणी घेतली नाही. फॅमिली उशिरा येते, पण येतेच असं कुठं लिहून दिलेलं नाही. तिला एकमेकांना सांगायला काहीतरी लागतं.

नरसिंहात ते होतं का? प्रामाणिक सांगायचं तर पूर्वार्धात मी दोनदा मोबाईल बघितला. माणसं चालताना कडक चालतात, गाणी वाजताना सगळ्यांचे हात एकसारखे हलतात, पोरगा माझ्या कानात म्हणाला, "पप्पा, गेमसारखं दिसतंय." वराहाचं युद्ध लांबलंय. पण शेवटची पंचवीस-तीस मिनिटं, खांबाला तडा जातो तिथनं पुढं, थिएटरात एक पोरगं रडलं नाही की मोबाईलचा उजेड दिसला नाही. धाकटी माझ्या मांडीवर चढली, घाबरली पण डोळे झाकले नाहीत. आईनं केव्हाच चपला सीटखाली सरकवून पाय वर घेतलेले, पुढच्या रांगेतल्या एका बाईनं हात जोडले तसे हिनं पण जोडले. हिंदीतला पिक्चर, मराठीत डब केलेलाच नव्हता, पण आईला एक शब्द अडला नाही, उलट तीच पोराला पुढचं आधी सांगत होती. संकेश्वरच्या पाहुण्यांनी कन्नडमधनं बघितला, त्यांनाही तेच.

मराठीत का नाही केला ह्याचा मात्र मला राग आहे. अ‍ॅनिमेशनमध्ये खर्च चित्राचा, एका मिनिटाला जितका लागायचा तितका लागतो, मग ती भाषा दहा कोटी लोक बोलू देत नाहीतर दहा लाख. म्हणून एकट्या मराठीच्या जिवावर असला पिक्चर काढणं जवळपास अशक्य, हे मान्य. पण एकदा तो तयार झाल्यावर दुसऱ्या भाषेत न्यायला काय लागतं, तर आवाज. ओळखीच्या हिरोच्या तोंडी भलताच आवाज आला की आपल्याला खटकतं, इथं तोंडच चित्रातलं, त्याचा मूळ आवाज असा नाहीच. पाच भाषांत केला, सहावी आपली झाली असती. महाराष्ट्रात हिंदी चालतंय म्हणून मराठीची गरज नाही असं कुणीतरी ऑफिसात बसून ठरवलं असणार, आणि आकडे बघितले तर तो माणूस बरोबर ठरला, ह्याचा जास्त राग आहे.

इंटरव्हलला बिल झालं ते मी इथं लिहीत नाही, बायको हे वाचते. एवढंच सांगतो की पाच तिकिटांपेक्षा खाण्याचं जास्त झालं, आणि तीन वर्षांपुढच्या पोराला पूर्ण तिकीट हा नियम ज्यानं काढला त्याला पहिलीतली पोरगी अर्धा पिक्चर बापाच्या मांडीवर बसून बघते हे माहीत नसावं. रिकामी खुर्ची आणि पूर्ण तिकीट. माझ्या भाषेत ह्याला ग्रॉस म्हणतात.

घरी येताना आईनं गाडीत पोराला परशुरामाची गोष्ट सुरू केली, कारण पुढचा भाग त्याचा आहे हे हिला भजनीमंडळातनं आधीच कळलेलं. बनवणाऱ्यांनी यादीच जाहीर केलीय: २०२७ ला परशुराम, २०२९ ला रघुनंदन, २०३१ ला द्वारकाधीश, २०३३ ला गोकुळानंद, मग २०३५ आणि २०३७ ला कल्कीचे दोन भाग. बारा वर्षांचं वेळापत्रक, आपल्याकडं रस्त्याचं पण एवढं लांबचं कुणी देत नाही. मी रात्री बसून वहीत मांडलं, दुसरं काय करणार. पोरगा आत्ता चौथीत. २०२७ ला सहावीत, म्हणजे अजून घरच्यांबरोबर येईल, पाच तिकिटं धरायला हरकत नाही. २०२९ ला आठवीत, तेव्हा तो आमच्याबरोबर येत नाही, मित्रांबरोबर जाणार, ते पण शुक्रवारी, क्लास बुडवून, आणि रात्री दहाला कुठल्यातरी ग्रुपवर निकाल लावणार. त्याची जागा धाकटी चालवेल. मी हे सगळं बायकोला मोठ्या कौतुकानं वाचून दाखवत होतो तर ती इस्त्री करता करता म्हणाली, "आणि २०३१ ला त्याची दहावी हाय. पिक्चर-बिक्चर काय न्हाई, मी सोडत नाही."

द्वारकाधीशच्या कलेक्शनमधनं आमचं एक तिकीट कमी धरा.